वहीतलं पहिलं नाव

“तोंड उघड,” मी म्हटलं. रायसिंग वळवीनं कसंबसं दोन बोटं जातील एवढं उघडलं. डावा गाल कानापासून जबड्यापर्यंत सुजला होता, कानाची पाळी वर उचलली गेली होती आणि अंगात ताप होता. चावताना दुखतं, मॅडम, म्हणाला, लोणचं तर तोंडात धरवत नाही. गालगुंड ओळखायला याहून जास्त काही लागत नाही. मी लांब काडीचा फाया त्याच्या गालाच्या आतून फिरवला, गुलाबी द्रावणाच्या नळीत मोडून टाकला, झाकण आवळलं आणि नळीवर आकडा घातला, एक. मग आरोग्य कक्षाच्या वहीत तारीख लिहिली, नऊ एप्रिल, आणि तिच्याखाली त्याचं नाव.

आमचं इंजिनिअरिंगचं निवासी कॉलेज गावापासून अकरा किलोमीटरवर, उघड्या माळावर होतं. मी तिथल्या बायोटेक्नॉलॉजी विभागात लॅब टेक्निशियन. आरोग्य कक्षातली नर्स नोकरी सोडून गेली तेव्हा, दुसरी मिळेपर्यंत तुम्हीच बघा, म्हणून ते काम माझ्याकडे आलं, आणि दोन वर्षं झाली तरी दुसरी मिळाली नव्हती. आठवड्यातून दोनदा गावातून डॉक्टर यायचे, बाकीचे दिवस मीच. घरी नवरा पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेला. त्याच्याजवळ बसणारी बाई पाचला निघून जायची, त्यामुळे पाचच्या आत क्वार्टरवर पोचायचं एवढं एकच घड्याळ माझ्या डोक्यात चालायचं. त्या वर्षांची माझी आठवण म्हणजे पाय ओढत चालल्याची आहे.

फाये जपून ठेवायची कल्पना आमच्या विभागप्रमुखांची. विभागात उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर होता. साथ आलीच आहे तर नमुने ठेवून द्या, पुढेमागे कोणाच्या तरी संशोधनाला उपयोगी पडतील, असं ते म्हणाले. प्रत्येकाची एका कागदावर सही घ्यायची होती. नमुना ठेवायला आणि पुढे अभ्यासाला वापरायला हरकत नाही, नाव कुठेही येणार नाही, असा तो कागद. रायसिंगनं तो शेवटपर्यंत वाचला आणि मगच सही केली. त्याच्यानंतर आलेल्या अठ्ठेचाळीस जणांपैकी कोणी तो वाचल्याचं मला आठवत नाही.

मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होता तो, नंदुरबार जिल्ह्यातल्या, अक्कलकुव्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. मोजकं बोलायचा. खोलीत त्याच्याबरोबर सांगलीचा केदार उपासनी असायचा, त्याच्या तोंडाला खळ नसायचा. पण दोघांचं असं काही जमलं होतं की मेसमध्ये एकाच्या ताटातली भाकरी दुसरा न विचारता उचलायचा. मी रायसिंगला आरोग्य कक्षातल्या खाटेवर वेगळं ठेवलं, तर केदार रोज दुपारी खिडकीबाहेर उभा राहून त्याला त्या दिवशीच्या नोट्स वाचून दाखवायचा.

तेरा तारखेला व्हॉलीबॉलच्या संघातली चार मुलं एकदम गाल धरून आली. पंधरापर्यंत आकडा अकरावर गेला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाहेरून तपासणी समिती यायची होती. प्राचार्य भोईटे तसे वाईट नव्हते, पण त्या समितीसाठी वर्षभर झटले होते आणि आता हे समोर आलं होतं. त्यांनी बैठक बोलावली. रेक्टर, तीन विभागप्रमुख आणि वही घेऊन मी. मेसची भांडी, पाण्याची टाकी, हॉस्टेलची गर्दी यांवर बराच वेळ बोलणं चाललं. साडेचार वाजले. मग भोईटे सर माझ्याकडे वळले.

“वाघचौरे मॅडम, पहिला कोण?”

मी वही उघडली. “रायसिंग वळवी. नऊ तारीख.”

रेक्टर लगेच म्हणाले की तो होळीला गावी गेला होता, तेवीस मार्चला परत आला, त्याचा रजेचा अर्ज आपल्याकडे आहे. त्यांच्याकडे होळीला शेकडो माणसं एकत्र नाचतात, असंही त्यांनी सांगितलं. खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे सैल पडले. कारण सापडलं होतं आणि ते कॉलेजच्या बाहेरचं होतं. मुलाला घरी पाठवायचं ठरलं. समितीला द्यायच्या टिपणात ‘सुट्टीहून परतलेल्या एका विद्यार्थ्याकडून लागण’ असं लिहायचं ठरलं. मी वही मिटली आणि पाचच्या आत घरी पोचले.

टिपणात नाव नव्हतं, पण हॉस्टेलला नाव कळायला टिपण लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रायसिंग कपडे घ्यायला खोलीवर गेला तेव्हा मुलं दारं लावून घेत होती. एकानं आतून ‘होळीचा प्रसाद’ म्हटलेलं जिन्याखाली थांबलेल्या मीही ऐकलं. बॅग घेऊन तो माझ्याकडे आला आणि एवढंच विचारलं, की परीक्षेला येता येईल ना. सूज उतरली की ये, आठ दिवसांत उतरेल, असं मी सांगितलं.

सत्तावीस तारखेला केदारचा गाल सुजला. त्याची नळी चौतिसावी. बाकीच्यांसारखाच तोही चार दिवसांत बरा होईल असं वाटलं होतं, पण त्याला उलट्या सुरू झाल्या, मान अवघडली, आणि आम्ही त्याला सांगलीला घरी पाठवलं. पाचव्या दिवशी ताप उतरला तेव्हा त्याला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. गालगुंडात असं क्वचित होतं, आणि झालं की गेलेलं ऐकणं बहुधा परत येत नाही. त्याचंही आलं नाही.

रायसिंग परीक्षेला आला नाही. जुलैत कॉलेज सुरू झालं तेव्हाही नाही. ऑफिसनं दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही, आणि त्याचं नाव पटावरून गेलं.

पुढची तीन वर्षं कशी गेली ते सगळ्यांनाच माहीत आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा नवरा गेला. पाचच्या आत घरी पोचायची गरज उरली नाही, तरी पाय तसेच ओढत राहिले. त्यानंतरच्या वर्षी पुण्याहून डॉ. शमा तांबोळी आल्या. तिशीतल्या, चुणचुणीत, आणि समोरच्याचं नीट ऐकून घेणाऱ्या. करोनासाठी त्यांच्या प्रयोगशाळेत विषाणूची जनुकं वाचायची यंत्रं आली होती, ती आता मोकळी होत होती, आणि कुठे कुठे जुन्या साथींचे नमुने जपून ठेवलेत याचा त्या शोध घेत होत्या. एका बंद जागेत साथ कशी फिरते, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी कॉलेजच्या आवारासारखी जागा नाही, असं त्या म्हणाल्या. मी एकोणपन्नास नळ्यांचा खोका बर्फात घालून त्यांच्या हवाली केला.

यंत्र नेमकं काय करतं हे मला कळावं म्हणून त्यांनी सोपं करून सांगितलं. गालगुंडाचा विषाणू म्हणजे पंधरा हजार अक्षरांचा एक मजकूर. माणसागणिक त्याची नक्कल होते आणि नकलेत मधूनच एखादं अक्षर चुकतं. “मुलं एकमेकांची जर्नल्स उतरवतात ना, मॅडम, तसं. एकाची चूक दुसऱ्याच्या जर्नलमध्ये जाते. चुका बघितल्या की कोणाचं कोणावरून उतरवलंय ते कळतं.”

चार महिन्यांनी त्या निकाल घेऊन आल्या. एकोणपन्नासपैकी त्रेचाळीस नळ्यांमधला मजकूर वाचता आला होता. लॅपटॉपवर त्यांनी एक झाड दाखवलं. बेचाळीस आकडे एका बाजूला, दाटीवाटीनं. एक आकडा एकटा, दूरच्या फांदीवर.

“हा एक नंबर बघा. हा वेगळ्याच कुळातला विषाणू आहे. शेकडो अक्षरं वेगळी आहेत. हा मुलगा बाहेरून आजार घेऊन आला हे खरं असेल, पण त्याच्याकडून कोणालाही लागण झाली नाही. त्याचा आजार त्याच्यापाशीच संपला.”

मी चौतीस नंबर विचारला. त्यांनी बोट ठेवलं. तो त्या बेचाळीसांत होता, मध्यावर.

मग त्या माझ्या वहीतल्या तारखा ताडून बघायला लागल्या आणि थबकल्या. नऊला पहिला आणि तेराला चार जण, हे कसं मानलं कोणी, असं त्यांनी विचारलं. गालगुंड बाहेर पडायला सोळा-अठरा दिवस लागतात, कमीत कमी बारा. हे तर नुसत्या तारखांवरूनच कळायला हवं होतं.

“कळलं होतं,” मी म्हटलं.

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. खरं ते असं, की त्या बैठकीत वही उघडतानाच मला ते कळलं होतं. नाव वाचल्यावर आणखी एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर प्रश्न निघाले असते, समजावून सांगावं लागलं असतं, अर्धा तास गेला असता, आणि साडेचार वाजून गेले होते. उद्या सांगू, असं मी ठरवलं. उद्या तो बसमध्ये बसला. मग सत्तावीस तारखेला केदार गाल धरून आला तेव्हा मी दिवस मोजले. नऊपासून सत्तावीस, अठरावा दिवस. अगदी चोख. बाकीच्यांना नसेल, पण खोलीतल्या मित्राला तरी रायसिंगनंच दिलं, अशी माझी खात्री झाली. त्या खात्रीनं मला बरंच वाटलं, हेही सांगून टाकते. न बोललेल्या वाक्याचा त्यानंतर मी विचार केला नाही.

झाडाच्या मुळाशी दोन आकडे होते. दोघंही व्हॉलीबॉलच्या संघातले, एकाच खोलीतले. त्या खोलीत तिसराही राहायचा. तो गालगुंड म्हणून माझ्याकडे कधी आला नव्हता. पण औषधांच्या वहीत मी मागे गेले तेव्हा सव्वीस मार्चला त्याचं नाव सापडलं. संघ बाहेरगावचे सामने खेळून आल्याला तेव्हा अडीच आठवडे झाले होते, आणि पुढे आणखी सामने होते, आजारी म्हटलं तर खेळता आलं नसतं. दाढदुखी, तीन दिवसांच्या गोळ्या. गोळ्या मीच दिल्या होत्या. तोंड उघड, असं मी त्याला म्हटलं नव्हतं. हे मी डॉ. तांबोळींना सांगितलं नाही. त्यांना आकडे हवे होते, ते त्यांच्याकडे होते.

अहवाल भोईटे सरांकडे गेला. त्यांनी तो पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “सगळी मुलं पास होऊन गेली, मॅडम. फाइलला लावून टाका.” आवाजात चीड नव्हती. निवृत्तीला त्यांचे आठ महिने उरले होते.

मी डॉ. तांबोळींना फोन करून एवढंच विचारलं, की ज्याचा नमुना आहे त्याला त्याचा निकाल सांगता येतो का. त्याचा स्वतःचा सांगता येतो, दुसऱ्याचा नाही, असं त्या म्हणाल्या. ऑफिसातून मी पत्ता घेतला, चार दिवसांची रजा टाकली आणि निघाले. दोन एसट्या, नंदुरबारला मुक्काम, सकाळी अक्कलकुव्याची गाडी आणि तिथून मोलगीच्या रस्त्यानं जीप. घाटात गुडघे इतके आखडले की उतरताना जीपवाल्यानं हात दिला.

रस्त्याला लागूनच पत्र्याची शेड होती, बाहेर पाण्याच्या मोटारी उघडून ठेवलेल्या. रायसिंग आतून आला. अंग भरलं होतं, हात ग्रीसनं काळे. त्यानं मला ओळखलं, पण मी तिथे कशी, हे त्याला कळेना. मोटारी आणि पिठाच्या गिरण्या दुरुस्त करतो, आसपासच्या दहा-बारा पाड्यांत मीच आहे, असं त्यानं चालता चालता सांगितलं. घर मागेच होतं. त्यानं मला अंगणात खाटेवर बसवलं आणि स्वतः बराच लांब, दाराच्या उंबऱ्यावर बसला. त्याची आई चहा घेऊन आली. मला आणि तिला कपात, त्याला मात्र वेगळ्या खुंटीवरच्या पेल्यात. सवयीनं चाललेलं होतं ते, दोघांनाही त्यात काही वाटत नव्हतं. नंतर कळलं की त्या एप्रिलमध्ये घरी आल्यापासून त्यानं आपलं ताट-पेला वेगळं केलं होतं आणि ते कधी परत एकत्र केलंच नव्हतं.

मी सगळं सांगितलं. नळ्या, पंधरा हजार अक्षरं, झाड. किती अक्षरं वेगळी आहेत, यंत्र चुकू शकतं का, नळ्यांची अदलाबदल झाली असेल तर, असं तो एकेक विचारत गेला, तोंडी परीक्षा घेणाऱ्या परीक्षकासारखं. मी उत्तरं दिली. मला वाटलं होतं की तो कॉलेजबद्दल विचारेल, घरी पाठवलं त्याबद्दल, बुडालेल्या वर्षांबद्दल. त्यानं त्यातलं काहीच काढलं नाही.

“केदारची नळी होती त्यात?”

“होती.”

“वाचता आली?”

हा दुसऱ्याचा निकाल होता. मी तो सांगितला.

“आली. तुझ्या विषाणूशी तिचा काही संबंध नाही. तुझ्याकडून कोणालाच गेलं नाही, रायसिंग.”

“पण दिवस बसतात, मॅडम. नऊ आणि सत्तावीस. मी मोजलेत.”

“मीही मोजले होते.”

“अठरा.”

“अठराच. पण तेव्हा निम्मं हॉस्टेल आजारी होतं. त्याला ते दुसरीकडून मिळालं.”

 मग तो सांगायला लागला, तेही हळूहळू, मध्ये थांबत. केदारच्या कानाचं त्याला वर्गातल्या एकाकडून कळलं होतं. त्यानं केदारच्या घरी फोन केला, आईनं उचलला आणि म्हणाली, आता तू फोन करू नकोस. ती रागावली नव्हती, रडत होती. त्यानंतर त्यानं पुस्तकात बघितलं आणि दिवस मोजले. परीक्षेला यायचं म्हणजे त्याच खोलीत, केदारच्या समोर येऊन राहायचं होतं. ते त्याला जमलं नाही. कॉलेजवर तो रुसला नव्हता. कॉलेजनं पाठवलं ते बरोबरच केलं, असं तो तीन वर्षं धरून चालला होता.

आईला आमचं मराठी पुरतं कळत नव्हतं. त्यानं तिला तिच्या बोलीत सांगितलं, खूप वेळ लागला. तिनं तोंडावर पदर धरला, मग माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

“आई विचारते, मग कोणी आणलं?” तो म्हणाला. आणि तोही वाट बघत राहिला.

मला नाव माहीत होतं. सव्वीस मार्च, दाढदुखी.

“ते मी सांगणार नाही. एकदा नाव सांगून बसलेय मी.”

त्याला लगेच उमगलं नाही. मग त्यानं मान वर केली. “बैठकीत तुम्ही होता?”

“होते. पहिला कोण, असं विचारलं. वहीत पहिलं नाव तुझं होतं, ते मी वाचलं. चार दिवसांत कोणाला लागण होत नाही हे मला माहीत होतं. ते बोलले नाही.”

“का?”

इतक्या लांबच्या प्रवासात मी या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं जुळवली होती. नवऱ्याचं आजारपण होतं, प्राचार्यांचा दबाव होता, माझी नोकरी होती.

“दमले होते,” मी म्हटलं.

त्यानं ते ऐकून घेतलं. आईला ते सांगितलं नाही. मग म्हणाला, “पहिल्या वर्षाला तुम्ही आमच्या वर्गात आला होता. ताप आला, सूज आली, अंगावर काही उठलं तर लपवू नका, आधी माझ्याकडे या, असं सांगितलं होतंत. म्हणून मी त्याच दिवशी आलो.”

रागानं नाही, तारीख सांगावी तसं तो हे म्हणाला. मला तो वर्ग आठवत नव्हता. दर जुलैला मी नव्या मुलांपुढे असं काहीबाही बोलायचे, हाताळून गुळगुळीत झालेल्या कागदावरून वाचायचे. वहीत त्याचं नाव पहिलं होतं ते त्याला आधी आजार झाला म्हणून नव्हे. एकोणपन्नास जणांत माझं ऐकणारा तो पहिला होता म्हणून.

मी माफी मागितली. ती कशी मागितली ते आता आठवत नाही, नीट जमली नसावी. त्याच्या आईनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी आणि उडदाची डाळ होती. रायसिंग उंबऱ्यावरून उठून खाटेजवळ आला आणि आम्ही तिघं एकत्र जेवलो.

निघताना मी म्हटलं, प्रवेश परत मिळवून देण्यासाठी मी भांडते, पत्र आणते. त्याला आता त्यात गोडी उरली नव्हती, हे दिसत होतं. पत्र मी पुढे आणलंच. भोईटे सरांनी दोन महिने काढले, पण निवृत्तीआधी सही केली. साथीशी रायसिंग वळवी यांचा संबंध नव्हता, अशी एक ओळ आहे त्यात. मी ते रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पोचपावतीवर त्याची सही आली, तो आला नाही. मोटारींचं काम त्यानं वाढवलं, एवढं कानावर आहे.

त्या दिवशी तो मला जीपपर्यंत सोडायला आला. जीप भरायला वेळ होता. मी विचारलं, केदारचा नंबर आहे का तुझ्याकडे, नसला तर मी मिळवून देते.

“आहे,” तो म्हणाला. “तो दर दिवाळीला फोन करतो. मी उचलत नाही.”

मग त्यानं खिशातून फोन काढला, बघितला आणि रस्त्याच्या वरच्या अंगाला असलेल्या टेकाडाकडे चालू लागला. रेंज तिथेच मिळायची, जीपवाला म्हणाला. मी मागच्या सीटवर गुडघे चेपत बसले होते. वर तो पाठमोरा उभा होता, फोन कानाला लावून. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याचा आवाज आला, मोठ्यानं, “ऐकू येतंय का?” आणि पुन्हा, “मी रायसिंग. ऐकू येतंय का?”

शेवटचा माणूस चढला आणि जीप निघाली.